दुसरा ट्रॅक्टर निर्व्याज असावा

आपल्या गावांत दुसरा ट्रॅक्टर घेण्याची एक ठरलेली रीत झाली आहे. घरात पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आधीच असतो. त्याला दहा-बारा वर्षं झालेली असतात. सगळ्या भावांची मिळून आठ-दहा एकर जमीन असते. काम अडायला लागतं, मग दुसऱ्या ट्रॅक्टरचा विषय निघतो आणि दोन बैठकांत निर्णय होतो : पन्नासचा नवा घ्यायचा, जुना भाड्याने फिरवायचा, बाकी रक्कम फायनान्स. शोरूमसमोर हार, पेढे, फोटो. आपल्याकडे वर फातेहा. आणि मग पाच वर्षं दर सहा महिन्यांनी हप्ता.

माझं म्हणणं याच्या उलट आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. आठ-दहा एकरवाल्याला दुसरा ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर तो लहान घ्यावा, जुना घ्यावा आणि पदरच्या पैशांनी घ्यावा. एकट्याचे पैसे पुरत नसतील तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावा. तेही जमत नसेल तर घेऊ नये, काम भाड्याने करून घ्यावं. हा सल्ला कोणत्याही धर्माच्या शेतकऱ्याला लागू आहे. पण व्याजाविरुद्ध जुम्म्याचं बयान ऐकून माना डोलावणाऱ्या आपल्या समाजाला तो जरा जास्त लागू आहे, म्हणून हा लेख.

आधी कामाचं बघू. धर्माचं नंतर.

काम नेमकं कुठे अडतं? नांगरणीला अडत नाही. नांगरणी उन्हाळ्यात होते, आठ दिवस मागेपुढे झाली तरी बिघडत नाही आणि घरचा पंचेचाळीसचा ती करतो. अडतं ते पावसाळ्यात. चार दिवसांची झड उघडते, रानाला वाफसा येतो, तेव्हा कोळपणी दोन-तीन दिवसांत उरकली नाही तर तण हातचं जातं. द्राक्षावर डाऊनी दिसला तर फवारणी आज हवी, परवा नाही. उसाची बाळबांधणी, डाळिंबाच्या ओळीतली मशागत, जनावरांसाठी चाऱ्याची लहान ट्रॉली, ही सगळी रोजची हलकी कामं. आणि नेमका त्याच दिवशी घरचा मोठा ट्रॅक्टर कुणाच्या तरी रानात भाड्याने गेलेला असतो. हप्त्यासाठी भाडं मारावं लागतं आणि भाडं मारताना स्वतःच्या रानाचा वाफसा निघून जातो. ट्रॅक्टर आपला, पण आपल्याच रानाला तो मिळत नाही.

या कामांना पन्नास एचपी लागत नाही. पंधरा ते अठ्ठावीस एचपीच्या मधलं जे लहान ट्रॅक्टरांचं घराणं आहे ते याच कामासाठी बनलेलं आहे. पंधरा एचपीत एक सिलिंडरचे महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ आहेत. अठराच्या आसपास तीन सिलिंडरचा व्हीएसटी शक्तीचा एमटी १८० आहे. चोवीस ते अठ्ठावीसमध्ये महिंद्रा जिवो, कुबोटाचा निओस्टार, जॉन डिअर ३०२८ असे चारही चाकांना जोर देणारे आहेत. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायती पट्ट्यात हे वर्षानुवर्षं चालत आहेत, त्यामुळे जुन्या बाजारातही येतात.

फरक किती आहे ते बघा. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास, पंधराच्याचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. ओल्या काळ्या मातीत दोन टन फिरवले की चाकाखालची माती दगडासारखी दाबली जाते आणि पुढे मुळं तिथे अडतात. मोठ्याची रुंदी साडेपाच-सहा फूट, लहान तीन-साडेतीन फुटांत बसतो. साडेचार फुटी सरीत मोठा शिरतच नाही. डिझेलचंही तसंच. डिझेल इंजिन पूर्ण जोरात असताना एका एचपीला तासाला ढोबळमानाने पाव लिटर पितं. म्हणजे पंधराचं इंजिन पिऊन पिऊन तासाला पावणेचार लिटर पिईल. पंचेचाळीसच्या इंजिनाला हलकं काम दिलं तर ते पूर्ण जोरावर चालणार नाही हे खरं, पण स्वतःचं दोन टनांचं धूड ओढण्यातच त्याचं बरंचसं डिझेल जातं. दोनशे लिटरची फवारणीची टाकी फिरवायला ते धूड कशाला?

लहानाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मीही सेल्समनच झालो. पंधरा एचपीला तीन फुटांचा रोटाव्हेटर झेपतो, पाच फुटी झेपत नाही. मोठ्या ट्रॅक्टरची अवजारं त्याला चालत नाहीत, वेगळी घ्यावी लागतात, आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला पाहिजे. मागे जड टाकी जोडली की पुढचं तोंड उचलतं, म्हणून पुढे वजन लावावं लागतं. एक सिलिंडरचं इंजिन हादरे देतं, नटबोल्ट ढिले होतात, आठवड्याला पाना फिरवावा लागतो. आणि पंधराच्या ट्रॅक्टरने खोल नांगरट करायला जाऊ नये. ते काम मोठ्याचं आहे आणि मोठा घरात आहेच. म्हणूनच तर दुसरा लहान हवा.

आता पैशांचं. समजा नव्या पन्नासच्या ट्रॅक्टरसाठी पाच लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षं, सहामाही हप्ते. हप्ता बसतो साधारण ६७,९०० रुपये. दहा हप्त्यांत ६ लाख ७९ हजार भरले जातात. म्हणजे व्याज झालं १ लाख ७९ हजार. जुन्या बाजारात बऱ्या स्थितीतला पंधरा-अठरा एचपीचा ट्रॅक्टर वय आणि अवस्थेप्रमाणे साधारण दीड ते अडीच लाखांत मिळतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मोठ्या नव्या ट्रॅक्टरचं नुसतं व्याज म्हणजे एक लहान जुना ट्रॅक्टर आहे. आपण तो विकतही घेतो, फक्त आपल्या दारात न आणता फायनान्सवाल्याच्या दारात उभा करतो.

पीककर्जाची गोष्ट वेगळी. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात त्यावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, सरकार ते भरतं. ट्रॅक्टरचं कर्ज त्यात येत नाही. ते मुदतकर्ज, त्याचं व्याज पूर्ण आपल्याच बोकांडी. आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे : पीककर्ज उचलून ट्रॅक्टरचा हप्ता भरला जातो, पीककर्ज थकतं आणि बिनव्याजी पैशालाही व्याज लागू होतं.

शाळेत मराठी शिकवताना ‘निर्व्याज’ हा शब्द आला की मी थांबतो. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा. निर्व्याज प्रेम म्हणजे ज्यात कपट नाही असं प्रेम. मुलांना तो शब्द व्याजाशिवाय दिलेल्या पैशांचा वाटतो आणि ती काही फार चुकत नाहीत. आपल्या भाषेने या दोन अर्थांना एकाच घरात ठेवलं आहे. रिबा म्हणजे काय हे समजावून सांगायला मला अरबी शब्दकोश उघडावा लागत नाही, मराठीचा पुरतो.

इथे काहीजण म्हणतील, गुरुजी, व्याज हराम आहे हे आम्हाला माहीत आहे, पण मजबुरी आहे. मजबुरी या शब्दाचा मी आदर करतो. आईचं ऑपरेशन ही मजबुरी आहे. दुष्काळात विहिरीचा गाळ काढणं ही मजबुरी असू शकते. महाराष्ट्रात एका खातेदाराची जमीन सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास, असं २०१५-१६ च्या कृषिगणनेत नोंदलं आहे. अशा राज्यात आठ एकरांवर पन्नासचा नवा ट्रॅक्टर ही मजबुरी कशी होते? ती हौस आहे. हौसेला मजबुरीचे कपडे घालून मशिदीत नेऊ नका.

खरी गोष्ट इज्जतीची आहे. लहान ट्रॅक्टर घेतला की चौकात पहिला शेरा येतो, ‘‘अरे भाई, ये खिलौना कायको लाया?’’ जुना घेतला की दुसरा शेरा, ‘‘किसका उठाके लाया?’’ मोठा, लाल, नवा ट्रॅक्टर दारात असला की सोयरिकीला वजन येतं. मुलीकडचे लोक अंगणात शिरताना आधी टायर बघतात. त्या ट्रॅक्टरवर बोजा किती आहे हे कुणी विचारत नाही. मेहेरची रक्कम किती, यावर दोन तास बोलणारे आपण वराच्या बापाचे किती हप्ते थकले आहेत हे विचारायला लाजतो. गावातले पाटील, देशमुख असंच करतात, मग आपण का मागे राहावं, असाही एक सूर असतो. त्यांच्यातल्या कित्येकांच्या जमिनी याच चढाओढीत गेल्या, हे त्यांच्या पोरांना विचारा. ज्या चढाओढीत ते बुडाले तीत आपण बरोबरीला आलो, याचा आनंद कसला मानायचा?

आणि आपल्या धर्मोपदेशकांनाही एक विचारायचं आहे. बचत खात्यावर वर्षाला जमा होणाऱ्या चारशे रुपये व्याजाचं काय करावं, ते संडास बांधायला द्यावं की आणखी कुठे, यावर इतकी चर्चा होते. तेच मौलाना नव्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवून बरकतीची दुआ मागतात तेव्हा ‘‘याचे कागद कसे केले बेटा?’’ एवढा एक प्रश्न का विचारत नाहीत? मिळणारं व्याज चिमट्याने धरायचं आणि द्यायचं व्याज डोळे मिटून द्यायचं, हा कुठला हिसाब?

लहान ट्रॅक्टरची गरज वाढली त्यामागे बैलांचंही एक कारण आहे आणि ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पूर्वी बैल म्हातारा झाला की बाजारात जायचा, त्याच्या पैशात भर घालून नवा यायचा. मार्च २०१५ पासून राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. कुरेशी समाजाचा धंदा मोडला हे आपण बोलतो, पण त्या व्यवहाराचं दुसरं टोक शेतकऱ्याच्या, बहुतेक करून हिंदू शेतकऱ्याच्या गोठ्यात होतं, तेही मोडलं. कोळपणी-डवरणीची जी कामं जोडी करायची ती करायला लहान ट्रॅक्टर आला. जोडीची जागा घेणारं यंत्र जोडीच्या किमतीच्या जवळपास असावं, एवढं साधं व्यवहारज्ञान आपल्या आजोबांना होतं. बैल घ्यायला त्यांनी शेत गहाण टाकलं नव्हतं.

आता विरोधातले मुद्दे. पहिला आणि सगळ्यात वजनदार : दुसरा घ्यायचाच कशाला, भाड्याने मिळतो की. खरं आहे. म्हणून घेण्याआधी एका वहीत वर्षभराचे तास लिहा. फवारणीचे किती, कोळपणीचे किती, मशागतीचे किती. समजा वर्षाला दीडशे तास भरले आणि लहान ट्रॅक्टरचं भाडं तासाला पाचशे रुपये धरलं, तर पंच्याहत्तर हजारांचं काम झालं. त्यातून डिझेल, ऑइल, दुरुस्ती आणि चालकाची मजुरी मिळून चाळीस हजार वजा करा. पस्तीस हजार उरले. दोन लाखांचा ट्रॅक्टर सहा वर्षांत वसूल होतो आणि त्यानंतरही विकला तर पैसे येतात. पण तास चाळीसच भरत असतील तर ट्रॅक्टर घेऊ नका. माझा आकडा घेऊ नका, तुमच्या गावचा भाव आणि तुमचे तास लिहा. वही खोटं बोलत नाही, चौक बोलतो.

दुसरा मुद्दा : सरकारी अनुदान नव्यावर मिळतं, जुन्यावर नाही, मग नवाच का नको? महाडीबीटीवर नंबर लागला आणि अनुदान येईपर्यंतचे पूर्ण पैसे तुमच्याकडे असतील तर नवा लहान जरूर घ्या, त्यात माझा काही वाद नाही. पण पैसे आधी भरायचे असतात आणि अनुदान खात्यात नंतर येतं. ती मधली फट भरायला लोक सावकाराकडे जातात आणि अनुदानाचा बराच भाग तिथेच ठेवून येतात. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नव्याची किंमत उतरली म्हणजे जुन्याचीही उतरली पाहिजे. विकणारा जर ‘‘मी इतक्याला घेतला होता’’ असं त्याचं जुनं बिल दाखवत असेल तर आजच्या नव्याचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा.

तिसरा मुद्दा : जुन्यात फसवणूक होते. होते, आणि इथेच आपला दीन खऱ्या अर्थाने कामाला यायला हवा. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतलं धान्य ओलं लागलं आणि त्यांनी त्या विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. वरून कोरडं, आतून ओलं. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजाराचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. नवा रंग, नवे स्टिकर, सीटवर नवं कव्हर, आणि आत कॉम्प्रेशन गेलेलं. मालातला ऐब सांगून विकणं हे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ऐब लपवून विकला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क आहे, फिकहमध्ये त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीत, गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात आपलीच माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांनी हा हक्क गिऱ्हाइकाला कधी दिला आहे? दुकानावर बिस्मिल्लाहची पाटी आणि मीटर मागे फिरवलेलं, हे दोन्ही एका छपराखाली राहू शकत नाही.

पण विकणाऱ्याच्या ईमानावर सगळं सोडून चालत नाही. ढिगात आपला हातही घालावा लागतो. ट्रॅक्टर बघायला सकाळी जा आणि आधी निरोप द्या की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड इंजिन कसं उठतं त्यावर निम्मं कळतं. बोनेटला हात लावा, गरम लागलं तर समजा की काहीतरी झाकलं आहे. धुराचा रंग बघा : सुरू होताना थोडा काळा चालतो, सतत निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा म्हणजे नोझल-पंपाचं काम किंवा पाणी आत जातंय. ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठी भानगड. इंजिनाच्या ब्रिदरमधून फुकफुक धूर येत असेल तर रिंग गेल्या. मागे वजन लावून हायड्रॉलिक उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं चहा प्या. वजन झपाट्याने खाली आलं तर खर्च आहे.

मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवू नका, झीज बघा. आठशे तास सांगतात आणि क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. मागे ट्रॉली जोडायचं भोक अंडाकृती झालं असेल तर त्या लहान जिवाला विटा-वाळू ओढायला लावलं आहे. पुढचं चाक धरून हलवा, किंगपिन कळेल. चार चाकी जोराचा असेल तर पुढच्या ॲक्सलमधून ऑइल गळतं का ते वाकून बघा, तिथलं काम महाग पडतं. पीटीओवर फवारणीचा पंप लावून पंधरा मिनिटं चालवा. आणि शेवटचं : त्या मॉडेलचे पार्ट तुमच्या तालुक्यात मिळतात का? बंद पडलेल्या मॉडेलचा स्वस्त ट्रॅक्टर म्हणजे झाडाखाली उभं केलेलं भंगार. ज्या मिस्त्रीचाचांकडे तुम्ही नेहमी जाता त्यांना सोबत न्या, त्यांच्या दिवसाची मजुरी द्या आणि त्यांचं ऐका. विकणाऱ्याकडून कमिशन खाणारा मिस्त्री नेऊ नका, मग तो नात्याने मामू असला तरी.

कागदांबद्दल तर मी हात जोडून सांगतो. कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, लहान रक्कम म्हणून लिहायचा कंटाळा करू नये, इथपर्यंत त्यात सांगितलं आहे. आणि आपले लोक ‘‘भाई-भाई में कागज कैसा’’ म्हणतात! जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार बहुधा निम्मे आता, निम्मे सुगीला असा होतो. उधारीची किंमत आधीच एक ठरली आणि उशीर झाला म्हणून ती वाढणार नसेल, तर बहुतेक फकीह असा व्यवहार जायज मानतात. म्हणजे वाट मोकळी आहे. पण ती लिहूनच चालायची आहे.

काय लिहायचं आणि काय बघायचं? आरसीवरचं नाव विकणाऱ्याचंच आहे का. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, स्वतः चोळून बघा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म आल्याशिवाय विसारापलीकडे रुपया देऊ नका. अनुदानावर घेतलेला असेल तर तो विकण्याची मुदत उलटली आहे का ते विचारा, कारण ठराविक काळ विकणार नाही अशी हमी घेतलेली असते. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या त्याच दिवशी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. विकणाऱ्यालाही यात धोका आहे. वाहन विकलं, पण नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाई आरसीवर नाव असलेल्याने द्यायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. पाच वर्षांपूर्वी विकलेल्या ट्रॅक्टरखाली कुणी सापडलं आणि नोटीस तुमच्या दारात आली, तर भाई-भाई उपयोगाला येत नाही.

एका जागी मात्र स्वस्ताच्या मोहात पडू नये असं मला वाटतं. हप्ते थकल्यावर ओढून आणलेले ट्रॅक्टर फायनान्सच्या यार्डात लिलावाला असतात. कायद्याने ते घेता येतात आणि घेणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण त्या यार्डात एकदा फिरून या. प्रत्येक ट्रॅक्टरच्या काचेवर, मडगार्डवर कुणाच्या तरी मुलांची नावं लिहिलेली आहेत. ‘अम्मी की दुआ’ आहे, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आहे. घेणार असाल तर निदान हे डोळ्यांनी बघून घ्या, म्हणजे स्वतःचा नवा पन्नासचा फायनान्सवर काढताना ते यार्ड आठवेल. कोणताही ट्रॅक्टर घरून निघताना त्या यार्डाकडे निघालेला नसतो.

राहिला पैशांचा प्रश्न. दोन लाख रोख प्रत्येकाकडे नसतात, हे मला कळतं. शेजारी-शेजारी बांध असलेल्या तिघांकडे मिळून असतात. मुशारका म्हणजे भागीदारी आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. नफा ठरवाल तसा, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात, हा तिचा नियम. ट्रॅक्टरला तो असा लावता येतो : तिघांचे सारखे पैसे, नाव एकाचं, पण स्टॅम्पपेपरवर तिघांचा करार. वही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये. जो जितके तास वापरेल तितकं डिझेल त्याचं, दुरुस्तीचा वाटा तासांच्या प्रमाणात. चालक एकच, कारण तीन हातांत क्लच टिकत नाही. फवारणीच्या हंगामात पाळी आधी ठरलेली. भागीदार मुसलमानच असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे तो खरा भागीदार, मग तो शेख असो, जाधव असो की कांबळे. पाण्याच्या पाळीवर शंभर वर्षं एकत्र राहिलेली माणसं ट्रॅक्टरच्या पाळीवर राहू शकतात.

आणि ज्यांना भागीदारही मिळत नाही त्यांच्यासाठी गावाच्या जमातीने काहीतरी करायला हवं. देवबंदला १९६१ पासून मुस्लिम फंड चालतो. लोक त्यात पैसे ठेवतात आणि गरजूंना दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज मिळतं. म्हणजे ही कल्पना आभाळातली नाही. आपल्या गावांत मशिदीच्या मिनाराला टाइल्स बसवायला एका उन्हाळ्यात तीन-चार लाख जमतात. टाइल्सना माझा विरोध नाही. पण तेवढीच रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून फिरती ठेवली, सुगीला परत घेतली आणि पुन्हा दिली, तर दर वर्षी एका-दोघा शेतकऱ्यांचा लहान जुना ट्रॅक्टर व्याजाशिवाय उभा राहील. हिशेब मशिदीच्या फळ्यावर लावा. ज्याने फेडलं त्याचं नाव लावा. ज्याला खरोखर जमलं नाही त्याला मुदत द्या, कारण अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, हेही आपल्याला शिकवलं आहे.

व्याजावर बयान देणं सोपं आहे, ऐकणं त्याहून सोपं. खरी परीक्षा शोरूमच्या टेबलावर असते, जिथे फॉर्म भरलेला असतो आणि फक्त सही बाकी असते. तिथे जाण्याआधी घरात बसून वहीत तीन गोष्टी लिहा : वर्षाला किती तास काम आहे, त्याला किती एचपी लागतो, आणि पदरात रोख किती आहे. या तिन्हींत जो बसतो तोच तुमचा ट्रॅक्टर. तो लहान असेल, रंग उडालेला असेल, चौकात दोन दिवस हसतील. पण वाफसा आला त्या सकाळी तो तुमच्याच रानात असेल.